अश्वपरीक्षा आणि अश्वशक्ती

झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांना घोड्यांची उत्तम पारख होती, आणि तिच्याविषयीची एक हकीकत त्यांच्या चरित्रकथनात हमखास सांगितली जाते. एका सौदागराने दोन घोडे विक्रीस आणले होते. दोन्ही दिसण्यात सारखेच उमदे, अंगावर सारखीच चकाकी, चालही वरवर पाहता सारखीच ऐटदार. राणीने दोहोंवर आळीपाळीने बसून रपेट केली आणि एकाची किंमत हजार रुपये, तर दुसऱ्याची अवघी पन्नास रुपये ठरवली. दुसरा घोडा छातीत दुखावलेला आहे, तो कामाचा नाही, असे त्यांनी सांगितले. मसाला खाऊ घालून आपण त्याला तजेला आणला होता, ही गोष्ट सौदागराला मग मान्य करावी लागली.

या हकीकतीत परीक्षेचे तीन भाग आहेत. जनावर किती धावते, त्याचे मोल काय, आणि रोजच्या कामात ते कितपत टिकेल. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असले तरी त्यांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडत नाहीत. सौदागर नेहमी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन गिऱ्हाइकाला बाकीच्या दोहोंचा विसर पाडतो. घोड्यांच्या बाजाराची जागा मोटारींच्या बाजाराने घेतली, त्यानंतरही या रीतीत फारसा फरक पडला नाही. अमेरिकेत तर मोटारी घोड्यांच्याच नावाने विकल्या गेल्या. ‘मस्टँग’ म्हणजे तिकडच्या माळरानावरील मोकाट घोडा, आणि त्या गाडीमुळे रूढ झालेल्या वर्गाचे नाव ‘पोनी कार’, म्हणजे सरळ मराठीत तट्टूगाडी. भीमथडीच्या तट्टांवर स्वाऱ्या करणाऱ्यांच्या वंशजांना हे नाव परके वाटू नये. फक्त भीमथडीचे तट्टू अल्प दाण्यावर दूरची मजल मारण्याबद्दल प्रसिद्ध होते, आणि अमेरिकी तट्टूची प्रसिद्धी नेमकी उलट गुणासाठी आहे.

झाशीचे नाव आज दुसऱ्याही एका कारणाने मोटारींशी जोडलेले आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा उत्तर-दक्षिण महामार्ग आणि सिलचरहून पोरबंदरकडे जाणारा पूर्व-पश्चिम महामार्ग झाशीपाशी एकमेकांना छेदतात. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला निघालेल्या वाहनाला बुंदेलखंडाचा हा खडकाळ, उन्हाने भाजलेला मुलूख ओलांडावा लागतो. म्हणून चारशे अश्वशक्तीच्या अमेरिकी गाडीची परीक्षा करावयाची झाल्यास या चौरस्त्याइतके योग्य रिंगण क्वचितच मिळेल.

प्रथम या गाड्यांची कुळकथा थोडक्यात पाहू. दोन दारांच्या, मागे उतरत्या छपराच्या मोटारीला कूपे म्हणतात. अशी मध्यम आकाराची, फारशी महाग नसलेली गाडी घ्यावयाची आणि तिच्यात मोठ्या गाडीचे दांडगे एंजिन बसवावयाचे, ही कल्पना १९६४ साली पाँटियाक कंपनीच्या जीटीओ या गाडीने लोकप्रिय केली. जनरल मोटर्स या पालक कंपनीचा नियम असा होता की, या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.४ लिटरपेक्षा मोठे एंजिन घालू नये. पाँटियाकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी त्यावर युक्ती काढली. ३८९ घनइंचांचे एंजिन त्यांनी वेगळी गाडी म्हणून नव्हे, तर जुन्याच गाडीवर मिळणारी ज्यादा सोय म्हणून देऊ केले. पहिल्याच वर्षी अशा बत्तीस हजारांहून अधिक गाड्या खपल्या, आणि नियमाचा आग्रह धरण्यास कोणी उरले नाही. या वर्गाला पुढे ‘मसल कार’ हे नाव पडले. दंडाची बेटकुळी फुगवून दाखवणारा पहिलवान डोळ्यांपुढे आणला म्हणजे त्या नावाचा अर्थ कळतो.

फोर्ड कंपनीची मस्टँग त्याच वर्षी, १७ एप्रिल १९६४ रोजी, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आली. तिची मूळ किंमत २,३६८ डॉलर होती आणि पहिल्या वर्षभरात तिच्या चार लाखांवर प्रती विकल्या गेल्या. लांब बॉनेट, आखूड पाठ आणि जाळीवर धावता घोडा असे तिचे रूप होते. परंतु आतला सांगाडा फोर्डच्याच फाल्कन या साध्या कुटुंबगाडीचा होता, आणि मूळ किमतीत मिळणारे सहा सिलिंडरचे एंजिन जेमतेम शंभर अश्वशक्तीचे होते. आठ सिलिंडरचे जोरकस एंजिन हवे असल्यास वेगळे पैसे मोजावे लागत. म्हणजे प्रारंभीच्या अनेक मस्टँग दिसण्यात घोडा आणि चालण्यात फाल्कनच होत्या. त्यांच्या मालकांची याबद्दल फारशी तक्रार नव्हती, ही गोष्टही नोंदण्यासारखी आहे. पुष्कळांना घोड्यावर बसलेले दिसावयाचे असते, घोडा फेकावयाचा नसतो. मस्टँगच्या यशानंतर जनरल मोटर्सने १९६६ च्या सप्टेंबरमध्ये शेव्हरोले कमारो, आणि क्रायस्लरने १९७० च्या नमुन्यात डॉज चॅलेंजर बाजारात आणली. आजही तुलना होते ती प्रामुख्याने या तिघींची.

तुलनेत पहिला आकडा येतो तो अश्वशक्तीचा; म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे. वाफेच्या एंजिनाचा प्रसार करताना जेम्स वॉट यांनी गिरणीमालकांना समजेल असे माप म्हणून घोड्याची निवड केली. एका सेकंदात ७५ किलो वजन एक मीटर उंच उचलण्याइतके काम, ही मेट्रिक पद्धतीतील एक अश्वशक्ती होय. खरा घोडा दिवसभर राबताना साधारण इतकेच काम देतो. पण चौखूर उधळताना काही क्षण तो याच्या कितीतरी पट जोर लावू शकतो. मोटारीच्या बाबतीत परिस्थिती याच्या उलट आहे. जाहीर केलेली अश्वशक्ती हा तिचा क्षणभराचा कळस असतो. एंजिन मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेत असताना, चालकाने पेट्रोलची कळ पूर्ण दाबली असताना, तो गाठला जातो. रोजच्या वापरात बहुतेक चालक तेथवर पोचत नाहीत.

शिवाय हा कळस मोजावयाचा कसा, यातही सौदागराच्या मसाल्याला वाव होता. १९७१ पर्यंत अमेरिकी कंपन्या आपल्या एंजिनांची ‘ढोबळ’ शक्ती जाहीर करीत. एंजिन गाडीतून बाहेर, चाचणीच्या घोडीवर ठेवले जाई. पंखा, वीज निर्माण करणारे यंत्र, हवेची गाळणी, आवाज दाबणारी धुराची नळी यांचा भार त्याच्यावर नसे. गाडीत बसवल्यावर या सगळ्यांचे ओझे त्यालाच वाहावे लागते. ते वाहून चाकांकडे पाठवावयास जे उरते ती ‘निव्वळ’ शक्ती. १९७१ साली जनरल मोटर्सने दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले. कमारो झेड-२८ या गाडीचे एंजिन ढोबळ मापाने ३३० अश्वशक्तीचे, तर निव्वळ मापाने २७५ अश्वशक्तीचे होते. एंजिन तेच, गाडी तीच. पंचावन्न घोडे केवळ मोजण्याच्या रीतीत अंतर्धान पावले. १९७२ पासून निव्वळ माप सर्वत्र रूढ झाले. त्यामुळे साठच्या दशकातील गाडीचा आकडा आजच्या गाडीच्या आकड्याशी सरळ ताडून पाहणे हा निव्वळ गोंधळ आहे, आणि हौशी लोकांच्या गप्पांत तो आजही चालू असतो.

सत्तरच्या दशकात या वर्गाची रया गेली. हवा-प्रदूषणाचे कायदे कडक झाले, शिसेविरहित पेट्रोलसाठी एंजिनांतील संपीडन कमी करावे लागले, तरुण मालकांच्या विम्याचे हप्ते भडकले, आणि १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखल्यावर पंपापुढे रांगा लागल्या. पुनरुज्जीवन झाले ते तीस वर्षांनी, जेव्हा संगणकाच्या साहाय्याने इंधनाचा थेंब नि थेंब मोजून देणे शक्य झाले. २०१८ च्या सुमारास तिन्ही घराण्यांच्या आठ सिलिंडरच्या गाड्या एकाच वेळी, जवळजवळ एकाच किमतीला उपलब्ध होत्या. म्हणून तुलनेसाठी तो काळ सोयीचा आहे.

मस्टँग जीटीचे एंजिन पाच लिटरचे आणि ४६० अश्वशक्तीचे. कमारो एसएसचे ६.२ लिटरचे आणि ४५५ अश्वशक्तीचे. चॅलेंजर स्कॅट पॅकचे ६.४ लिटरचे आणि ४८५ अश्वशक्तीचे. पाच लिटरचे एंजिन ६.२ लिटरच्या एंजिनाची बरोबरी कशी करते, हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. फोर्डच्या एंजिनात झडपा उघडणारे चार दंड सिलिंडरांच्या माथ्यावर बसवलेले असून प्रत्येक सिलिंडरला चार झडपा असतात. त्यामुळे ते वेगाने श्वास घेऊ शकते आणि अधिक फेरे घेऊन आपली शक्ती वाढवते. शेव्हरोले आणि डॉज यांनी जुनी अमेरिकी पद्धत सोडलेली नाही. त्यांच्यात एकच दंड एंजिनाच्या पोटात असतो, तो लांब काड्यांनी झडपा उघडतो, आणि झडपा प्रत्येक सिलिंडरला दोनच. असे एंजिन फार वेगाने फिरू शकत नाही; परंतु आकारमान मोठे असल्याने कमी फेऱ्यांतच त्याचा पीळ, म्हणजे चाक फिरवणारा जोर, भरपूर मिळतो. गावातल्या रहदारीत वारंवार गिअर न बदलता चालवावयाचे असेल, तर हा दुसरा स्वभाव अधिक सोयीचा. डॉजच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन याप्रमाणे सोळा ठिणगी-प्लग असतात. ते बदलण्याची वेळ येते तेव्हा मालकाला त्यांची संख्या प्रकर्षाने जाणवते.

तथापि शक्ती एकटी गाडी पळवीत नाही. तिला वजन ओढावे लागते. मस्टँग आणि कमारो यांचे वजन सुमारे १,६८० किलो, तर चॅलेंजरचे १,९०० किलोंच्या वर. भागाकार केला तर पहिल्या दोघींत एका अश्वशक्तीच्या वाट्याला साधारण ३.७ किलो येतात आणि सर्वांत ‘बलवान’ चॅलेंजरमध्ये जवळजवळ चार किलो. भारतातील लहान मोटार सुमारे नऊशे किलोंची आणि ऐंशी-नव्वद अश्वशक्तीची असते. तिच्यात हेच प्रमाण दहा किलोंच्या आसपास जाते. स्थिर उभ्या गाडीने ताशी ९७ किमी. वेग गाठण्यास या तिन्ही गाड्यांना सुमारे चार ते साडेचार सेकंद पुरतात. त्यांच्यातील अंतर सेकंदाच्या दशांशांत मोजावे लागते, आणि ते अंतर चालकाच्या कसबाने आणि टायरच्या तापमानाने सहज पुसले जाते. याचे कारण असे की, उभ्या स्थितीतून निघताना मर्यादा एंजिनाची नसते, मागच्या दोन टायरांची असते. टायर रस्त्याला जितके धरू शकेल तितकाच जोर कामी येतो; उरलेला रबर जाळून धूर करण्यात खर्ची पडतो. पहिल्या पावसाने रस्त्यावरील धूळ आणि तेल यांचा लेप झाला असेल, तर चारशे काय, शंभर घोडेही पुष्कळ होतात.

आता ही परीक्षा झाशीच्या रिंगणात आणू. मे-जून महिन्यांत येथे पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याहून वर चढतो. एंजिन पेट्रोलबरोबर हवाही खाते, आणि तापलेली हवा विरळ असते. एंजिनाची शक्ती प्रमाणित करताना हवा २५ अंशांची गृहीत धरतात. ४५ अंशांना तिची घनता सुमारे सहा टक्क्यांनी घटते. झाशी समुद्रसपाटीपासून सुमारे २८५ मीटर उंचीवर असल्याने आणखी तीनएक टक्के जातात. म्हणजे ४६० अश्वशक्तीच्या एंजिनाचे चाळीसएक घोडे बुंदेलखंडाच्या दुपारी तबेल्यातून बाहेरच येत नाहीत. संगणकाने इंधनाची कितीही काटेकोर मापे घेतली तरी नसलेली हवा त्याला निर्माण करता येत नाही.

इंधनाच्या प्रतीचा मुद्दाही असाच आहे. सिलिंडरात मिश्रण जितके अधिक दाबावे तितके अधिक काम मिळते. परंतु हलक्या प्रतीचे पेट्रोल दाब आणि उष्णता यांनी ठिणगीच्या आधीच किंवा भलत्याच ठिकाणी पेट घेते. दट्ट्यावर हातोडा पडावा तसा आवाज येतो, आणि तो दीर्घकाळ चालला तर दट्ट्या फुटतो. पेट्रोलची ही सहनशक्ती ऑक्टेन अंकाने सांगतात. भारतातील साधे पेट्रोल तेव्हा ९१ अंकाचे असे. अमेरिकेतील पंपावर अंक मोजण्याची पद्धत निराळी असून तेथील ९३ म्हणजे आपल्याकडील सुमारे ९८. तिकडचा आकडा पाहून इकडचे पेट्रोल भरणाऱ्याची येथे फसगत होते. आधुनिक एंजिन स्वतःला वाचवण्यासाठी ठिणगी उशिरा देते, पण त्याची किंमत शक्तीत चुकवते. २०१६ साली भारतात अधिकृतपणे आलेल्या मस्टँग जीटीची शक्ती सुमारे ४०० अश्वशक्ती होती, तर त्याच नमुन्याच्या अमेरिकी गाडीची ४३५. या फरकामागे येथील इंधन आणि उजवीकडे आणलेल्या सुकाणूमुळे बदललेली धुराच्या नळ्यांची मांडणी, अशी कारणे दिली जातात.

तरीही उरलेले साडेतीनशे-चारशे घोडे महामार्गावर करतात काय? चौपदरी महामार्गावर मोटारीची कमाल वेगमर्यादा ताशी १०० किमी. आहे. सपाट रस्त्यावर या वेगाने अशी गाडी चालती ठेवण्यास, हवेचा आणि टायरांचा विरोध मिळून, केवळ वीस-पंचवीस अश्वशक्ती लागतात. झाशीहून ग्वाल्हेरपर्यंतचे सुमारे शंभर किलोमीटर अंतर मस्टँग आपल्या शक्तीच्या विसाव्या भागावर कापते. मारुतीची लहान गाडीही ते तितक्याच वेळात कापते.

मोठ्या शक्तीचा खरा उपयोग अन्यत्र आहे. महामार्ग सोडून दुपदरी रस्त्याला लागल्यावर मालवाहू गाडीला मागे टाकण्याचा प्रसंग वारंवार येतो. ताशी ८० पासून ११० किमी. वेग गाठण्यास लहान मोटारीला सहा-सात सेकंद लागत असतील, तर या गाड्यांना दोनएक सेकंद पुरतात. समोरून येणाऱ्या वाहनाच्या बाजूला काढलेले चार-पाच सेकंद वाचतात. तेवढ्या वेळात दोन्ही वाहने मिळून दोनशे मीटरांहून अधिक अंतर तोडतात. या दोनशे मीटरांना किती मोल द्यावयाचे हे ज्याने तो प्रसंग अनुभवला आहे त्याला सांगावे लागत नाही. शक्तिमान गाडीच्या बाजूने केला जाणारा हा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद आहे.

परंतु थांबण्याचे गणित त्याहून महत्त्वाचे आहे, आणि बुंदेलखंडात तर विशेषच. या भागात अन्ना प्रथा म्हणून एक जुनी रीत आहे. पिके निघाल्यावर गुरे मोकळी सोडली जातात. पूर्वी ती ठरावीक महिन्यांपुरती असे. शेतात यंत्रे आली, चारा दुर्मिळ झाला, भाकड जनावर पोसणे परवडेनासे झाले, तेव्हा ती बारमाही झाली. रात्री डांबर कोरडे आणि उबदार असते. गुरे तेथे येऊन बसतात. ताशी १०० किमी. वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चालकाला अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबीपर्यंत दीड सेकंद लागला तरी गाडी ४० मीटर पुढे गेलेली असते. त्यापुढे रुंद टायरांची मस्टँग किंवा कमारो सुमारे ३५ मीटरांत थांबते. लहान गाडीला आणखी सात-आठ मीटर लागतात. येथे अमेरिकी गाडी निःसंशय सरस आहे. पण खाली झुकवलेल्या दिव्यांचा उजेड जेमतेम पन्नास-साठ मीटर पोचतो; म्हणजे या वेगाला तीही अपुरीच पडते. वेग १४० झाला की केवळ ब्रेकचे अंतर दुप्पट होते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. काळी म्हैस त्या उजेडात शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. तेव्हा काळोख्या रात्री झाशी-ललितपूर रस्त्यावर सुरक्षित वेग ठरवणारी गोष्ट दिव्यांचा पल्ला ही आहे, आणि त्या पल्ल्यापुढे तिन्ही गाड्यांची श्रेष्ठ-कनिष्ठता अर्थहीन ठरते.

रोजच्या वापराच्या कसोटीवर मात्र तिघींतील भेद स्पष्ट होतात. कमारो वळणावर सर्वांत चपळ मानली जाते, पण तिच्या खिडक्या अरुंद आणि खांब जाड आहेत; आतून बाहेर पाहणे किल्ल्याच्या जंग्यातून पाहण्यासारखे आहे. तिच्या डिकीत सुमारे २५८ लिटर सामान मावते, मस्टँगच्या ३८२ आणि चॅलेंजरच्या ४५९ लिटर. मस्टँग आणि कमारो यांच्या मागच्या आसनांवर लहान मुलेच बसू शकतात. चॅलेंजर पाच माणसांची आहे आणि मागे प्रौढ माणूस खरोखर बसू शकतो. लांबच्या प्रवासाला तीच सर्वांत आरामशीर. परंतु ती पाच मीटरांहून लांब आणि १.९ मीटरांहून रुंद आहे. माणिक चौकाच्या बाजारात तिला वळवण्यापेक्षा हत्ती वळवणे सोपे जावे.

गतिरोधकाची अडचण तिघींनाही सारखीच आहे. भारतात आलेल्या मस्टँगच्या पोटाखाली सुमारे १३७ मिमी. जागा होती, तर येथील लहान मोटारींत ती १६०-१७० मिमी. असते. त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर जितके जास्त तितके उंचवट्यावर पोट अधिक खाली येते. मस्टँगमध्ये हे अंतर २.७२ मीटर, चॅलेंजरमध्ये २.९५ मीटर. चालक गतिरोधकावर गाडी तिरपी घालतात ते याचसाठी. एका वेळी एकच चाक चढले म्हणजे पोट थोडे वर राहते.

पेट्रोलच्या बाबतीत अमेरिकी सरकारी चाचण्यांचे एकत्रित आकडे तिघींनाही लिटरमागे साधारण साडेसात-आठ किलोमीटर देतात. ग्वाल्हेरच्या एका खेपेला तेरा लिटर, जेथे लहान गाडीला पाच-सहा पुरतात. मात्र हा खर्च अशा गाडीच्या मालकाला सहसा जड जात नाही. त्याला जड जाते ती किंमत, आणि त्यानंतरची देखभाल.

अमेरिकेत या गाड्यांचा मूळ युक्तिवादच स्वस्ताईचा होता. जर्मन किंवा इटालियन गाडीच्या निम्म्या-तिसऱ्या हिश्शात तितकाच वेग. २०१८ च्या सुमारास तिन्ही गाड्या तेथे ३५ ते ४० हजार डॉलरच्या दरम्यान मिळत, आणि चांगल्या पगाराच्या कारागिराला ती किंमत हप्त्यांनी पेलता येई. भारतात मस्टँग आली तेव्हा ३५ हजार डॉलर म्हणजे २३-२४ लाख रुपये होत होते. प्रत्यक्षात दिल्लीतील किंमत, नोंदणी आणि विमा सोडून, ६५ लाख रुपये होती. पूर्ण बांधून येणाऱ्या मोठ्या गाड्यांवरील जबर आयातशुल्काने हा फरक पाडला. समुद्र ओलांडताच स्वस्त वेगाची गाडी महागडी चैन झाली, आणि तिच्या मोलाचा पायाच निखळला. कमारो आणि चॅलेंजर यांचा तर येथे प्रश्नच नव्हता. कारखान्यातून त्या केवळ डाव्या सुकाणूच्या निघत, आणि भारतात आयात होणाऱ्या नव्या मोटारीचे सुकाणू उजवीकडे असावे लागते. आता त्यांचे उत्पादनही थांबले आहे. चॅलेंजर २०२३ अखेर बंद झाली, आणि कमारोचे २०२४ हे अखेरचे नमुनावर्ष ठरले. मस्टँगची नवी आवृत्ती अमेरिकेत चालू आहे; परंतु फोर्डने २०२१ साली भारतातील मोटारी बनवणे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, आणि मस्टँगची येथील विक्री त्याआधीच आटोपली होती.

त्यामुळे भारतीय ग्राहकापुढे हा प्रश्न येतो तो आता जुन्या मस्टँगच्या रूपाने, आणि राणीची परीक्षा येथे अक्षरशः उपयोगी पडते. रंग आणि चकाकी यांवरून काही कळत नाही. दोन दिवसांत कोणताही कारागीर ती आणून देतो. गाडी उंच उचलून पोट पाहावे. गतिरोधकांचे ओरखडे असणारच, पण तेलाच्या तळपात्राला पोचा असेल तर आतील नळीपर्यंत धक्का गेलेला असू शकतो. मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमधून एकसारखा हुंकार येतो का, हे मोकळ्या रस्त्यावर पेट्रोल सोडून ऐकावे. आठही सिलिंडरांतील दाब मापकाने मोजावा. घोड्याच्या छातीवर कान ठेवण्याचाच हा प्रकार आहे, आणि एखादा सिलिंडर इतरांहून बराच उणा भरला तर विक्रेत्याचे पुढील बोलणे ऐकण्याची गरज राहत नाही. शेवटी टायर पाहावेत. या गाड्या पुष्कळदा वर्षभरात हजारभर किलोमीटरही चालत नाहीत. त्यामुळे टायरांवरील नक्षी नव्यासारखी दिसते, पण आतले रबर उन्हाने आणि वयाने ताठर झालेले असते. टायरच्या कुशीवर लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले आढळतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष: २३१७ असेल तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे.